उघड्या टपाची मर्सिडीज

"हौसेला मोल नाही" ही म्हण ज्याने कोणी काढली त्याने जुन्या मर्सिडीजचा फ्युएल डिस्ट्रिब्युटर कधी विकत घेतलेला नसणार. मोल असतं हो. चांगलं घसघशीत असतं, आणि वर कामगारांची मजुरी वेगळी.

तर मंडळी, घेतली एकदाची. १९८८ सालची मर्सिडीज-बेंझ ५६० एसएल. टप उघडणारी, दोन सीटची, गडद निळी. गेलं जवळजवळ वर्षभर माझे सगळे वीकांत या एका खुळापायी गेले. ऑफिसातल्या दोघातिघांनी "लिही ना यावर, आम्हालाही घ्यायची आहे" असं टुमणं लावलंय, म्हणून हा वृत्तांत. ज्यांना गाड्यांमध्ये रस नाही त्यांनी मधला मजकूर गाळून थेट बायकोच्या प्रश्नापाशी यावं. खरं तर घोडं तिथेच अडलं होतं.

पहिला प्रश्न: एसएलच का? कारण सरळ आहे. जुनी गाडी फक्त रविवारी कापडाने पुसायला ठेवायची असेल तर कुठलीही चालते. मला चालवायची होती. आणि चालवायची म्हणजे सुटे भाग मिळाले पाहिजेत, दुरुस्त करणारा माणूस जिवंत पाहिजे आणि माहिती जालावर हवी तेवढी पडलेली पाहिजे. या तिन्ही बाबतीत जुन्या मर्सिडीजचा हात धरणारं फारसं कोणी नाही. कंपनीचं १९९३ पासून जर्मनीत फेलबाखला फक्त जुन्या गाड्यांसाठी केंद्र आहे.

आता एसएलमध्येही पिढ्या आहेत. १९५४ ची ३०० एसएल, दरवाजे पक्ष्याच्या पंखांसारखे वर उघडणारी, ती आपण संग्रहालयात पाहायची. त्यानंतरची १९६३ ते १९७१ ची 'पॅगोडा' (हार्डटॉप मध्ये खोलगट, कडेला उंच, म्हणून हे नाव) फार देखणी. एकूण ४८,९१२ बनल्या आणि आज चांगल्या पॅगोडाच्या किमतीत पुण्यात बाल्कनीसकट बेडरूम येईल. १९८९ नंतरची, आर-१२९ नावाची पिढी उलट बाजूला: आधुनिक, बटण दाबलं की टप हायड्रॉलिकने आपोआप मागे जातो, आणि गाडी उलटायला लागली तर डोक्यामागे लोखंडी कमान क्षणात वर येते. पण हायड्रॉलिक म्हणजे गळती आलीच. शिवाय नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या काही वर्षांत त्यांच्या वायरिंगवरचं आवरण असं होतं की काही वर्षांनी भुगा होऊन गळून पडतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाने शनिवारी वायरिंगमधले शोधू नयेत असं माझं मत आहे.

राहिली मधली, आर-१०७. १९७१ ते १९८९, तब्बल अठरा वर्षं बनली. फ्रीडरिश गायगर हा डिझाइन विभागाचा प्रमुख, ३०० एसएलच्या मागेही तोच. एकूण २,३७,२८७ गाड्या सिंडेलफिंगनच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. नावातल्या 'एसएल'चा अर्थ 'अति हलकी', आणि प्रत्यक्षात अमेरिकेतलं मॉडेल दीड टनाहून जड! बनवणाऱ्यांनीच तिला 'पान्झरवागन', म्हणजे चिलखती गाडी, असं टोपणनाव दिलं होतं. त्याला कारण होतं. तेव्हा अमेरिकेत सुरक्षिततेच्या नियमांमुळे उघड्या टपाच्या गाड्यांवर बंदीच येणार अशी हवा होती. कॅडिलॅकने तर १९७६ ची एल्डोराडो 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून जाहिरात करून विकली. जर्मनांनी मात्र पुढच्या काचेची चौकट इतकी भक्कम केली की गाडी उलटली तरी तिने वजन पेलावं. बंदी काही आली नाही, पण त्या काळात एसएलला अमेरिकेत मैदान मोकळं मिळालं. 'डॅलस'मधला बॉबी ट्रकभर तेल विकून याच गाडीतून घरी येतो.

अमेरिकेत आर-१०७ प्रामुख्याने तीन रूपांत मिळते. १९७३ ते ८० ची ४५०, १९८१ ते ८५ ची ३८०, आणि १९८६ ते ८९ ची ५६०. ४५० मध्ये १९७५-७६ सालच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाशेजारी, बॉनेटखालीच बसवलेले, त्यामुळे आत भट्टी. ३८० ला ताकद कमी, १५५ अश्वशक्ती, आणि १९८३ पर्यंतच्या गाड्यांत टायमिंग चेन एकपदरी. ती तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचं श्राद्ध घालावं लागतं. बऱ्याच मालकांनी ती बदलून दुपदरी करून घेतली आहे, पण त्याची पावती बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. ५६० मध्ये साडेपाच लिटरचं व्ही-८, दुपदरी चेन, एबीएस, ड्रायव्हरपुरती एअरबॅग. गॅलनला पंधरा मैलांच्या आसपास जाते. पर्यावरणवाद्यांनी इथे थोडा वेळ डोळे मिटावेत.

असो. कागदावर ५६० पक्की झाली. आता प्रत्यक्ष बघायला सुरुवात.

आम्ही राहतो न्यू जर्सीत. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि मीठ गाड्यांना काय करतं ते मुंबईत समुद्रासमोर राहणाऱ्यांना सांगायला नको. आर-१०७ चं इंजिन दणकट असतं, लाखो मैल चालतं. मरते ती पत्र्याने. सगळ्यात वाईट जागा इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीची. पुढच्या काचेखाली जी जाळी असते तिच्यातून पाणी आत जातं आणि बारीक वाटांनी बाहेर पडतं. झाडाखाली गाडी उभी राहिली की पानं जाऊन त्या वाटा बुजतात, पाणी साचतं आणि पत्रा आतून सडत राहतो. वरून रंग चकाचक! दुरुस्त करायचं तर अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो, म्हणजे गाडीच्या किमतीएवढा खर्च.

पहिली बघितलेली गाडी इथलीच, अर्ध्या तासावरची. लालभडक, ९,५०० डॉलर. फोटोत बघून माझं हृदय थोडं वितळलं होतं. पण या गाड्यांचं एक बरं असतं, प्रत्येकीची कारखान्यातली कुंडली असते. 'डेटा कार्ड' म्हणतात तिला. इंजिन नंबर, रंगाचा क्रमांक, कारखान्यातून बसवून आलेल्या खास गोष्टी, सगळं त्यात. लाल रंगाचा क्रमांक ५६८. या गाडीच्या बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेलं होतं ९०४, म्हणजे गडद निळा. मग कापडी टप जिथे घडी करून ठेवतात तिथलं पत्र्याचं झाकण उचलून आतल्या कोपऱ्यात बॅटरी मारली. निळी! खिशात बायकोच्या फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट होतं (हो, मुद्दाम नेलं होतं), ते मागच्या चाकाच्या कमानीवर लावलं तर बाप्पा घसरून खाली. म्हणजे पत्र्याच्या जागी पुट्टी. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा दाबला तर हाताला ओल. विकणारा म्हणाला, "परवाच धुतली." मी म्हटलं, छान धुतलीत, आणि निघालो.

दुसरी पेनसिल्व्हेनियात. १९८५ ची ३८०. मला ५६० च हवी होती, पण ही फक्त २८,००० मैल चाललेली, एकाच मालकाची. मालक वारलेले, त्यांच्या पत्नी विकत होत्या. गाडी बारा वर्षं गॅरेजमध्ये चादरीखाली. आपल्याकडे 'कमी चाललेली' हे विशेषण ऐकलं की माणूस डोळे झाकून पैसे काढतो. जुन्या जर्मन गाड्यांच्या बाबतीत मला हे पटत नाही. यातलं इंधनाचं इंजेक्शन बॉशचं, यांत्रिक. एका बारीक दांड्याच्या वरखाली होण्यावर आठही सिलिंडरांचं पेट्रोल ठरतं. टाकीत पेट्रोल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचा चिकट थर बसतो आणि दांडा अडकतो. टाकी आतून गंजते, रबरी नळ्या तडकतात, सील सुकतात. आपण सोसायटीतली बंद पडलेली विहीर उपसून प्यायचं पाणी काढत नाही, तसंच. त्या आजींनी फार प्रेमाने कॉफी दिली, नवऱ्याचे फोटो दाखवले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की गाडी चांगली आहे, पण चालू करायलाच चार-पाच हजार लागतील, आणि मैलांचा आकडा बघून कोणी जास्त दिले तर आनंदाने घ्या. नंतर कळलं की त्यांना तसा माणूस मिळाला.

या दोन गाड्यांच्या मध्ये कधीतरी एका रात्री जेवताना बायकोने विचारलं, "ही परत नेता येणार नाही ना रे?"

आता ज्यांनी अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षं काढली आहेत त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल. आम्हाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत जे काही घेतलं ते 'परत जाताना' हा शब्द उच्चारून घेतलं. मिक्सर दोन्ही व्होल्टेजवर चालणारा. सोफा स्वस्तातला, कारण तो काही नेणार नाही. टीव्हीचं खोकं, फूड प्रोसेसरचं खोकं, मुलीच्या कीबोर्डचं खोकं, सगळी थर्मोकोलसकट गॅरेजमध्ये रचून ठेवलेली. अर्धं गॅरेज त्यांनीच भरलेलं. आमच्या ओळखीच्या किमान पाच मराठी घरांत अशी खोकी आहेत, त्यातली काही वीस वर्षं जुनी, आतल्या वस्तू कधीच मोडीत निघालेल्या.

ही गाडी मात्र नेता येत नाही. भारतात बाहेरची वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं, असा सर्वसाधारण नियम. विंटेज गाड्यांना सवलत आहे, पण ती हिच्याहून बऱ्याच म्हाताऱ्या गाड्यांना. १९८८ ची, डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी कुठल्याच खिडकीत बसत नाही. मी हे सगळं वाचून बसलो होतो, फक्त मोठ्याने बोललो नव्हतो. बायको पुढे म्हणाली, "आणि पैसे बाणेरच्या फ्लॅटसाठी बाजूला टाकलेल्यातले."

तेही खरं होतं. त्या रात्री आम्ही गाडीबद्दल एक अक्षर बोललो नाही. तिचे आई-वडील, माझे आई-वडील, मुलीचं मराठी (ती आजीशी फोनवर 'मी आली' म्हणते, आणि आजी दुरुस्त करायची थांबली आहे), बाणेरचा तो फ्लॅट ज्यात राहायला कोण जाणार हे पाच वर्षांत एकदाही ठरलेलं नाही. दोन वाजता ती म्हणाली, "फ्लॅट नको. गाडीचं तू बघ." त्यातलं पहिलं वाक्य किती मोठं होतं ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंगच्या मधोमध कळलं.

बाबांना फोन केला. बाबा टेल्कोतून निवृत्त झालेले. टेल्कोचा १९५४ साली डाइम्लर-बेंझबरोबर पंधरा वर्षांचा करार झाला होता आणि तेव्हाच्या ट्रकांवर तीन टोकांचा तारा असायचा. बाबा सातारकडचे, त्यांच्या लहानपणी गावात मालट्रकलाच 'मर्सिडीस' म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या लेखी मुलगा एक ट्रक घेत होता. "कितीला?" ऐकून झाल्यावर मोठी शांतता. मग फ्लॅटचं सांगितलं. आणखी मोठी शांतता. मला वाटलं आता भाषण होणार. तर म्हणाले, "खालून बघितलीस का? आणि कागद बघ. माणूस खोटं बोलतो, कागद एवढ्या सफाईने बोलत नाही." बाबांनी स्वतः आमच्या पद्मिनीची एक फाईल ठेवली होती. प्रत्येक वेळचं पेट्रोल, किलोमीटर, ऑइल, पंक्चर, सगळं तारीखवार. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने गाडीआधी ती फाईल मागून घेतली होती. फ्लॅटबद्दल ते काहीच बोलले नाहीत, आजतागायत.

तिसरी गाडी व्हर्जिनियात. निवृत्त शाळामास्तर, गाडी त्यांच्याकडे बावीस वर्षं. १,१८,००० मैल चाललेली, १९,००० डॉलर. डॅशबोर्डचं लाकूड एका ठिकाणी तडकलेलं, सीटच्या कातड्याला सुरकुत्या. रंग ९०४, कार्डावर आणि गाडीवर एकच. मास्तरांनी गाडी दाखवायच्या आधी टेबलावर दोन जाडजूड फाईली ठेवल्या. टायमिंग चेन, तिचे प्लॅस्टिकचे गाईड आणि टेन्शनर ९६,००० मैलांना बदललेले. (५६० मध्ये चेन दणकट, पण हे गाईड वयाने ठिसूळ होतात आणि तुटलेला तुकडा चेनखाली गेला की तीच श्राद्धाची वेळ. यावर पावती नसेल तर किमतीतून तेवढे पैसे वजा धरा.) इंजेक्शनचं काम, मागच्या चाकांचे ब्रेक, कूलंट दर दोन वर्षांनी. काचेखालच्या पाण्याच्या वाटा दर नोव्हेंबरला साफ केल्याची नोंद त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. ज्या माणसाने बावीस नोव्हेंबर पानं काढली त्याच्या गाडीची भिंत सडलेली नसणार, हे मला तिथेच कळलं. तरी तिथल्या एका स्वतंत्र वर्कशॉपला पैसे देऊन लिफ्टवर चढवून घेतली आणि सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घेतलं. आठही जवळजवळ सारखे.

मी घासाघीस केली. मराठी माणूस आहे, न करता परत आलो असतो तर झोप लागली नसती. मास्तर हजारही उतरले नाहीत. उलट त्यांनीच माझी मुलाखत घेतली. गॅरेज आहे का? हिवाळ्यात चालवणार का? स्वतः हात घालणार की नुसती दुकानात देणार? शेवटी किंमत तीच ठेवून हार्डटॉप ठेवायचा स्टँड आणि कारखान्याच्या मॅन्युअलचे सगळे खंड वर दिले. जाताना म्हणाले, फाईल पुढे चालू ठेव.

विम्याची एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण नवखे यात फसतात. साध्या विम्यात अपघात झाला तर कंपनी म्हणते, छत्तीस-सदतीस वर्षं जुनी गाडी, घ्या किरकोळ पैसे. त्यासाठी किंमत आधीच ठरवून घेण्याचा वेगळा विमा असतो, आणि आश्चर्य म्हणजे तो स्वस्तही पडतो. अटी दोन: रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी आणि ही बंद गॅरेजमध्ये उभी हवी.

आणि गॅरेजमध्ये तर खोकी होती.

गाडी यायच्या आदल्या शनिवारी आम्ही दोघं ती काढायला बसलो. टीव्ही आम्ही तीन वर्षांपूर्वीच बदलला होता, जुन्याचं खोकं तसंच. बायको थर्मोकोल मोडत होती, मी पुठ्ठे चपटे करून दोरीने बांधत होतो. फारसं कोणी बोललं नाही. मुलगी मध्येच येऊन म्हणाली, "वॉव, इथे एवढी जागा होती?" दुपारपर्यंत अकरा गठ्ठे झाले.

आता रविवारी सकाळी आम्ही पाळीपाळीने जातो, कारण सीटा दोनच. एका आठवड्यात मी आणि मुलगी, दुसऱ्या आठवड्यात मी आणि बायको. तिसऱ्या आठवड्यात त्या दोघी जातात आणि मी खिडकीतून गिअर कधी पडतो ते ऐकत बसतो. बाबांना व्हिडिओवर इंजिन ऐकवलं. थंड असताना जरा टिकटिक येते, तर लगेच म्हणाले, "टॅपेट ॲडजस्ट कर." मी सांगितलं की यात हायड्रॉलिक आहेत, तेल वर चढलं की आवाज थांबतो. दोन मिनिटांनी थांबला. "ट्रकला हे नव्हतं," म्हणाले, आणि पुन्हा एकदा चालू करायला लावली.

सध्या हीटरच्या एका नळीतून थेंब थेंब कूलंट गळतंय. नळी मागवली आहे, शुक्रवारपर्यंत येईल. या शनिवारी कोणाला बघायला यायचं असेल तर जुने कपडे घालून या. पोहे-चहा आमच्याकडून, दहा नंबरचा पाना ज्याच्याकडे असेल त्याने आणावा, माझा मास्तरांच्या गावातून येताना कुठेतरी पडला.